समनरचं कोर्ट : लाजेच्या वर्षासकट जपलेली इमारत

समनर हे अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातलं तीनशेच्या आतबाहेर वस्तीचं गाव. गावातून कॅसिडी बायू नावाचा संथ ओढा जातो, भोवती नजर पोचेल तिथवर सपाट शेतं, आणि मधल्या चौकात टालाहॅची काउंटीचं कोर्ट. विटांची दुमजली इमारत, जाड अर्धवर्तुळाकार कमानी, घड्याळाचा मनोरा. १९१० च्या सुमारास ती बांधून झाली. त्या काळी अमेरिकेतल्या कितीतरी लहान गावांनी अशी कोर्टं बांधली. त्यामुळे नुसत्या स्थापत्यासाठी कुणी इतक्या लांब वाट वाकडी करून समनरला येणार नाही.

लोक येतात ते वरच्या मजल्यावरच्या एका दालनासाठी. १९५५ च्या सप्टेंबरमध्ये तिथे पाच दिवस एक खटला चालला. एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचे मारेकरी सहीसलामत सुटले आणि चार महिन्यांनी त्यांनीच एका मासिकात खुनाची कबुली दिली. इमारतीच्या जतनाची वेळ आली तेव्हा गावापुढे प्रश्न पडला की हे कोर्ट कोणत्या काळातलं म्हणून जपायचं? या लेखात मला त्या प्रश्नाचा आणि त्याला मिळालेल्या उत्तराचा मागोवा घ्यायचा आहे. वास्तुजतनाच्या कामात इतकं अवघड आणि इतकं योग्य उत्तर मी फार कमी ठिकाणी पाहिलं आहे.

कोर्ट म्हणजे काय काय

काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी प्रशासकीय रचना, पण टालाहॅचीची लोकसंख्या आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्यापेक्षाही कमी. तरी या काउंटीला मुख्यालयं दोन आहेत. पूर्वेला टेकड्यांच्या पायथ्याशी चार्ल्स्टन आणि पश्चिमेला डेल्टाच्या सपाटीवर समनर. दोन्हीकडे कोर्ट आहे.

अशा गावात कोर्ट ही केवळ खटल्यांची जागा नसते. जमिनीचे दस्त तिथेच नोंदले जातात, लग्नाचे परवाने तिथेच मिळतात. मतदार म्हणून नाव घालायलाही जुन्या काळी कोर्टाचीच पायरी चढावी लागे. ज्युरीत कोण बसणार हे मतदारयादीवरून ठरे. १९५५ मध्ये काउंटीतले ६३ टक्के लोक कृष्णवर्णीय होते आणि मतदारयादीत त्यांच्यातला एकही नव्हता. स्त्रियांना तर मिसिसिपीत १९६८ पर्यंत ज्युरीत बसायलाच बंदी होती. म्हणजे वरच्या मजल्यावर काय निकाल लागणार, याची तजवीज नोंदणीच्या टेबलावर आधीच होऊन गेलेली होती. ही इमारत समजून घ्यायची तर सुरुवात या टेबलापासून करावी लागते.

कोर्टासमोरच्या हिरवळीवर एक पुतळाही आहे, कॉन्फेडरेट सैनिकाचा. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सैन्याचं हे स्मारक १९१३ मध्ये उभारलं गेलं. न्याय मागायला येणारा प्रत्येक कृष्णवर्णीय माणूस त्या पुतळ्याच्या नजरेखालून आत जात असे.

पाच दिवस

एमेट टिल शिकागोचा. १९५५ च्या ऑगस्टमध्ये तो मिसिसिपीत मनी नावाच्या वस्तीजवळ आईच्या मावशीचे यजमान मोझ राइट यांच्याकडे सुट्टीला आला होता. मोझ राइट बटाईने कापूस पिकवत आणि चर्चमध्ये प्रवचनही देत. २४ ऑगस्टला एमेट इतर मुलांबरोबर ब्रायंट यांच्या किराणा दुकानात गेला. गल्ल्यावर दुकानमालकाची गोरी बायको कॅरोलिन होती. एमेटने शिट्टी वाजवली, असं सोबतच्या नात्यातल्या मुलाने पुढे आयुष्यभर सांगितलं. २८ ऑगस्टच्या पहाटे दोनच्या सुमारास रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम बंदूक आणि बॅटरी घेऊन राइट यांच्या घरी आले आणि झोपलेल्या मुलाला उठवून घेऊन गेले.

तीन दिवसांनी टालाहॅची नदीत त्याचा मृतदेह सापडला. गळ्याला काटेरी तारेने जिनिंगमधला लोखंडी पंखा बांधलेला होता. आपल्या विदर्भ-खानदेशात जिनिंग काय असतं हे कुणाला सांगावं लागत नाही. कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या गिरणीतला सुमारे ३४ किलोंचा तो पंखा, मूल पाण्यावर येऊ नये म्हणून बांधलेला. चेहरा ओळखू येत नव्हता. ओळख पटली ती बोटातल्या अंगठीवरून. त्यावर एल. टी. अशी अक्षरं होती, लुई टिल, एमेटच्या वडिलांची. आई मेमी यांनी शिकागोत शवपेटी उघडी ठेवली. आपल्या लेकराचं काय केलं ते जगाने पाहावं, असं त्या म्हणाल्या. हजारोंनी रांगा लावून पाहिलं. ‘जेट’ साप्ताहिकाने छापलेलं छायाचित्र देशभर गेलं.

खटला समनरला कसा आला? अपहरण झालं लेफ्लोर काउंटीत. मारहाण झाली ती सनफ्लावर काउंटीतल्या ड्रू गावाजवळच्या एका गोठ्यात, असं एका साक्षीदाराच्या जबानीतून दिसत होतं. पण मृतदेह टालाहॅचीच्या हद्दीत सापडला होता आणि इथल्या शेरिफने, एच. सी. स्ट्रायडरने, प्रकरण आपल्याकडे घेतलं. हाच स्ट्रायडर पुढे बचावपक्षाचा साक्षीदार झाला आणि मृतदेह एमेटचा नसावा असं सांगून गेला. तपास करणारा अधिकारीच आरोपींच्या बाजूने उभा राहतो तेव्हा सरकारी वकिलाच्या हातात काय उरणार?

त्यातही सरकारी वकील जेराल्ड चॅटम यांनी खटला मनापासून लढवला आणि न्यायाधीश कर्टिस स्वँगो यांनी कामकाज सरळ चालवलं, हे नोंदवायला हवं. अन्याय केवळ वाईट माणसांच्या हातूनच होतो असं मानलं की समनर समजत नाही. दुसऱ्या बाजूला समनरमधले पाचही वकील आरोपींच्या बचावासाठी उभे होते.

दालन खचाखच भरलेलं, सप्टेंबरचा उकाडा, खिडक्या उघड्या. देशभरातून सत्तरएक पत्रकार आलेले. कृष्णवर्णीय पत्रकारांना एका कडेला पत्ते खेळायचं लहानसं टेबल दिलेलं, आणि रोज सकाळी शेरिफ त्यांच्याकडे बघून वांशिक शिवी घालूनच रामराम करी. त्याच टेबलाशी डेट्रॉइटचे काँग्रेस सदस्य चार्ल्स डिग्ज बसले. अमेरिकेच्या संसदेत कृष्णवर्णीय माणूस निवडून जाऊ शकतो, यावर दारावरच्या लोकांचा विश्वासच बसेना.

२१ सप्टेंबरला मोझ राइट साक्षीला उभे राहिले. वय ६४. तुमच्या घरी कोण आलं होतं, असं विचारल्यावर ते खुर्चीतून उठले, हात लांब केला आणि मायलमकडे बोट दाखवलं, मग ब्रायंटकडे. त्या प्रदेशात कृष्णवर्णीय माणसाने भर कोर्टात गोऱ्या माणसावर खुनाच्या खटल्यात बोट रोखणं म्हणजे स्वतःचं मरण बोलावणं होतं. छायाचित्रं काढायला मनाई होती. अर्नेस्ट विदर्स यांनी तरीही तो क्षण टिपला. साक्षीनंतर राइट मिसिसिपी सोडून गेले, कापूस शेतात तसाच उभा राहिला. अठरा वर्षांच्या विली रीडने गोठ्यातून आलेल्या मारहाणीच्या आवाजाबद्दल सांगितलं. त्यालाही गुपचूप शिकागोला हलवावं लागलं.

२३ सप्टेंबरला बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने ६७ मिनिटांत निकाल दिला, निर्दोष. मध्ये थंड पेय प्यायला थांबलो नसतो तर एवढाही वेळ लागला नसता, असं त्यांच्यातला एक जण म्हणाला.

ज्युरी म्हटलं की आपल्या वाचकांना नानावटी खटला आठवतो. मुंबईत १९५९ मध्ये ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं, पण सत्र न्यायाधीशांनी तो निकाल अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली. आपल्याकडच्या त्या वेळच्या कायद्यात ही वाट होती. अमेरिकेत ती नव्हती, आजही नाही. ज्युरीने सोडलं की सुटला, त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही. म्हणूनच जानेवारी १९५६ मध्ये ‘लुक’ मासिकात दोघांनी पैसे घेऊन खुनाची कबुली दिली तरी कायदा त्यांना हात लावू शकला नाही. अपहरणाच्या आरोपावर तरी खटला उभा राहील अशी आशा होती, पण नोव्हेंबरमध्येच लेफ्लोरच्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला उभा करायचा की नाही हे ठरवणाऱ्या मंडळाने, आरोप ठेवायला नकार दिला होता.

त्या कबुलीने आणखी एक नुकसान केलं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. मासिकातल्या हकिगतीत ड्रूजवळच्या गोठ्याचा पत्ताच नव्हता. मारहाण ग्लेंडोरात मायलमच्या घरामागच्या शेडमध्ये झाली आणि गोळी नदीकाठी घातली, असं त्यात होतं. गोठा वगळला की तिथे हजर असलेली इतर माणसंही वगळली जात. म्हणजे खुन्यांनी आपल्या सोयीचा नकाशा आखला आणि पुढची पन्नास वर्षं लोक त्याच नकाशावर बोट ठेवून इतिहास सांगत राहिले.

बावन्न वर्षांची शांतता

१९५५ नंतर समनरमध्ये या विषयावर कुणी बोलेना. कोर्टाबाहेर एक ओळसुद्धा नाही. १९७० च्या दशकात दालनात फेरफार झाले आणि जुनं रूप झाकलं गेलं. शतक संपता संपता इमारतीची अवस्था बिकट झाली. डेल्टा हा अमेरिकेतला अतिशय गरीब भाग. शेतीत यंत्रं आली तशी माणसं गेली, आणि काउंटीकडे दुरुस्तीला पैसा नव्हता. कोर्ट बंद पडलं असतं तर समनरकडे गाव म्हणून उरण्यासारखं फारसं काही राहिलं नसतं.

इथे जेरोम लिटल हे नाव येतं. काउंटीच्या कारभारी मंडळाचे ते पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. त्यांच्या पुढाकाराने २००६ मध्ये एमेट टिल स्मृती आयोग नेमला गेला. नऊ कृष्णवर्णीय आणि नऊ गोरे सदस्य. त्यांत बेटी पिअर्सन होत्या. गोऱ्या जमीनदार घरातल्या या बाईंनी १९५५ चा खटला तरुणपणी त्याच दालनात बसून पाहिला होता आणि तो त्यांच्या मनातून कधी गेला नाही. मिसिसिपी विद्यापीठातल्या विंटर इन्स्टिट्यूटने सुरुवातीच्या बैठकांना आधार दिला.

सगळे एकाच हेतूने आले नव्हते, हे लपवण्यात अर्थ नाही. काहींना टिलची आठवण जागी करायची होती, काहींना गावचं कोर्ट वाचवायचं होतं. लिटल यांना दोन्ही कळत होतं. नुसत्या जुन्या इमारतीला कुणी पैसा देणार नाही, पण देशाच्या इतिहासातल्या या जागेला मिळेल. म्हणून कोर्ट वाचवायचं तर टिलबद्दल खरं बोलावं लागेल, हे सगळ्यांपुढे स्पष्ट झालं. मला या सौद्यात कमीपणा दिसत नाही. हेतू शुद्ध होण्याची वाट पाहिली असती तर छप्पर कोसळलं असतं. एका टेबलाभोवती बसायला निमित्त लागतं, आणि गळक्या छपराचं निमित्त वाईट नाही.

बैठकांत खरी ओढाताण शब्दांवरून झाली. आम्ही तर काही केलं नाही, मग माफी कसली, असा काही गोऱ्या सदस्यांचा सवाल होता. अखेर २ ऑक्टोबर २००७ रोजी कोर्टासमोर टिल कुटुंबीयांच्या उपस्थितीत ठराव वाचला गेला. एमेट टिल प्रकरणात न्यायाची भयंकर पायमल्ली झाली, न्याय मिळवून देण्यात आम्ही कमी पडलो, तुमच्या माणसाचं या समाजात जे झालं त्याचं आम्हाला अतोनात दुःख आहे, असा त्याचा आशय. वांशिक सलोख्याची सुरुवात खरं सांगण्यापासून होते, हे वाक्य त्यात आहे. त्याच वर्षी हिरवळीवर फलक लागला. पाच दिवसांचा खटला, सगळी गोरी ज्युरी, सुटका आणि नंतरची कबुली, सगळं त्यावर थोडक्यात लिहिलेलं आहे. सैनिकाचा पुतळा हलला नाही. १९१३ चा पुतळा आणि २००७ चा फलक एकाच हिरवळीवर आहेत, आणि मधली ९४ वर्षं बघणाऱ्याने भरून काढायची.

कोणत्या वर्षाकडे?

जुनी वास्तू दुरुस्त करताना पहिला निर्णय काळाचा असतो. बहुतेक ठिकाणी लोक बांधकामाच्या वर्षाकडे जातात, कारण तेव्हा वास्तू नवी होती आणि गावाला तिचा अभिमान होता. समनरला तेच सोपं होतं. १९१० ची देखणी इमारत, जोडीला कोपऱ्यात टिलचा फोटो.

त्यांनी १९५५ निवडलं. दालनावर नंतर चढलेले थर काढले आणि खटल्याच्या दिवसांत ते जसं होतं तसं पुन्हा उभं केलं. न्यायाधीशांचं आसन, साक्षीदाराची जागा, ज्युरीच्या खुर्च्या, प्रेक्षकांची बाकं. मागे उभं राहिलं की मोझ राइट उठले तिथपासून आरोपी बसले तिथपर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजता येतं. ते फार थोडं आहे. पुस्तकात ‘त्यांनी बोट दाखवलं’ असं वाचताना हे अंतर कळत नाही. इमारत जपायची ती याच्यासाठी. २०१५ च्या मार्चमध्ये दालन पुन्हा खुलं झालं आणि समोरच्या रस्त्यापलीकडे एमेट टिल इंटरप्रिटिव्ह सेंटरही सुरू झालं. लिटल ते पाहायला नव्हते. ते २०११ मध्ये गेले.

या निर्णयाचा दुसरा भाग मला त्याहून मोठा वाटतो. त्यांनी दालनाचं संग्रहालय केलं नाही. काचेआड ठेवलेल्या खुर्चीवर कुणी बसत नाही आणि म्हणून तिच्यावर पुन्हा कुणाची जबाबदारीही येत नाही. समनरच्या खुर्च्यांवर आजही ज्युरी बसते. फरक एवढाच की आता तिच्यात स्त्रिया असतात, कृष्णवर्णीय असतात. नोंदणीच्या टेबलावर पूर्वी जे झालं त्याला इतकं थेट उत्तर दुसरं सुचत नाही.

गोळ्या खाल्लेला फलक

कोर्ट चौकात आहे, चार माणसांच्या नजरेत आहे. नदीकाठची जागा तशी नाही. मृतदेह जिथे बाहेर काढला असं मानलं जातं त्या ग्रॅबॉल लँडिंगला आयोगाने २००८ मध्ये फलक लावला. नेमका बिंदू कोणता यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण जागा म्हणून आयोगाने ही निवडली. पहिला फलक चोरीला गेला तो पुन्हा सापडला नाही. दुसऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २०१८ मध्ये तिसरा लावला, त्यावर ३५ दिवसांत गोळ्या पडल्या. त्या फलकाशेजारी बंदुका घेऊन हसत उभ्या असलेल्या तीन विद्यार्थ्यांचं छायाचित्र २०१९ मध्ये बाहेर आलं. त्याच ऑक्टोबरमध्ये चौथा फलक लागला, जाड पोलादाचा, गोळी आरपार जाणार नाही असा, सव्वादोनशे किलोंच्या घरात वजनाचा. आधीच्यांपैकी एक फलक २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडला गेला. त्यावर ३१७ छिद्रं होती.

हे वाचताना वाटतं की काही बदललं नाही. पण समनरच्या लोकांनी दर वेळी फलक पुन्हा लावला, हाही या प्रकरणाचाच भाग आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिला चोरीला गेल्यावर कुणी विचारलं असतं तर गप्प बसायला त्यांच्याकडे चांगलं कारण होतं.

मनीतलं ब्रायंट यांचं दुकान मात्र कुणी असं जपलं नाही. २०११ मध्ये मिसिसिपी फ्रीडम ट्रेलचा, म्हणजे नागरी हक्क चळवळीच्या जागा दाखवणाऱ्या मालिकेचा, पहिला फलक तिथे लागला, पण दुकान खाजगी मालकीचं, छप्पर गेलेलं, वेलींनी गिळलेल्या भिंती. ग्लेंडोरात जुन्या जिनिंगच्या इमारतीत छोटं संग्रहालय आहे. खुन्यांच्या नकाशातून गळलेला ड्रूजवळचा गोठा अनेक वर्षं एका घराच्या आवारात साधी अडगळीची जागा म्हणून उभा होता. मालकी कुणाची आणि पैसा कुठून, यावर एकाच घटनेच्या चार जागांची चार वेगळी नशिबं ठरली. समनरला सार्वजनिक मालकीची इमारत होती, म्हणून आयोगाला काहीतरी करता आलं.

२५ जुलै २०२३ रोजी, एमेट जगला असता तर ज्या दिवशी तो ८२ वर्षांचा झाला असता त्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी एमेट टिल आणि मेमी टिल-मोबली राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. त्यात तीन जागा आहेत. शिकागोतलं रॉबर्ट्स टेम्पल चर्च, जिथे उघडी शवपेटी ठेवली होती. ग्रॅबॉल लँडिंग. आणि समनरचं कोर्ट. तिन्ही मिळून सहा एकरही भरत नाहीत. आईचं नाव स्मारकात आहे हे मला विशेष वाटतं. पेटी उघडी ठेवायचा निर्णय तिचा होता, आणि तो नसता तर समनरचा तो खटला इतर अनेक खटल्यांसारखा कुणाच्या कानावरही गेला नसता.

स्मारक झालं तरी इमारतीचं रोजचं काम सुरूच आहे. लांबून आलेल्या पाहुण्यांना कधीकधी वर जाता येत नाही. दालनात सुनावणी चालू असली तर त्यांना खाली थांबावं लागतं.